डॉ. अँड्र्यू बेल : मुलांच्या हाती खडू देणारा माणूस



तिसरी-चौथीच्या भाषेच्या तासाला आपल्यासमोर काय चित्र असतं? काही मुलं धडा घडाघडा वाचतात, काही शब्द जुळवत पुढे जातात आणि काही अजून जोडाक्षरापाशीच अडलेली असतात. शिक्षक मात्र एकच. मग आपण 'विषयमित्र' नेमतो. ही पद्धत जगभर पोहोचवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्यांची ओळख आज करून घेऊया. विशेष म्हणजे त्यांना ती आपल्याच देशात सुचली बरं का!

अँड्र्यू बेल यांचा जन्म १७५३ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या गावी झाला. वडील न्हावीकाम करत. तिथल्याच विद्यापीठात शिकून बेल काही वर्षे अमेरिकेत व्हर्जिनियात राहिले, परत येऊन धर्मोपदेशक झाले आणि १७८७ मध्ये मद्रासला आले. १७८९ मध्ये एग्मोरच्या मुलांच्या अनाथाश्रमाचा कारभार त्यांच्याकडे आला. तिथे गोऱ्या सैनिकांची मुलं होती, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या आया भारतीय. कुणाला थोडं येत होतं, कुणाला काहीच नाही.

एकदा त्यांनी तिथल्या गावठी शाळेत मुलं जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिली. आपल्याकडच्या धूळपाटीसारखाच हा प्रकार. त्यांनी तो आश्रमात आणायचं ठरवलं, पण तिथल्या शिक्षकाला हे काही पटेना. तेव्हा बेल यांनी अक्षरओळखीचा वर्ग फ्रिस्किन नावाच्या सुमारे आठ वर्षांच्या मुलाकडे सोपवला. हा एका साध्या शिपायाचा मुलगा. मोठ्या माणसाला अशक्य वाटलेलं काम त्याने करून दाखवलं! मग हळूहळू सगळ्या आश्रमात हीच रीत आली. वर्गात जोड्या लावायच्या, एक शिकवणारा आणि एक शिकणारा. प्रगती झाली की मूल वरच्या वर्गात जायचं. मारझोडही कमी झाली.

१७९६ मध्ये बेल मायदेशी निघाले आणि १७९७ मध्ये लंडनमध्ये त्यांनी या प्रयोगावर पुस्तक काढलं. जोसेफ लँकेस्टर यांनीही लंडनमध्ये अशीच शाळा चालवली आणि पुढे पद्धत नेमकी कुणाची यावरून मोठा वाद झाला. १८११ मध्ये इंग्लंडच्या चर्चची नॅशनल सोसायटी स्थापन झाली. तिच्या शाळांनी 'मद्रास पद्धत' स्वीकारली. बेल १८३२ मध्ये वारले. त्यांनी आपली संपत्ती शिक्षणासाठी दिली. सेंट अँड्र्यूजमध्ये आजही 'मद्रास कॉलेज' नावाची शाळा आहे.

पण मित्रांनो, गोष्ट इथे संपत नाही. शाळा चालवणाऱ्यांना या पद्धतीत स्वस्ताई दिसली. शेकडो मुलांमागे एकच शिक्षक, बाकी काम मुलांवर. मुलं शिकवणार तरी काय? पाठ केलेलं तेवढंच. वाचन पोपटपंची झालं, अर्थ मागे राहिला. अखेर १८४६ पासून इंग्लंडमध्ये मोठ्या विद्यार्थ्यांना रीतसर प्रशिक्षण देऊन शिक्षक घडवण्याची योजना आली आणि जुनी पद्धत मागे पडली.

यातून आपण काय घ्यायचं?

१) विषयमित्राला नेमकं आणि छोटं काम द्या. उदा. आज फक्त पाच जोडशब्द, किंवा एक परिच्छेद आळीपाळीने वाचणे.

२) जोडी फार विषम नको. एकच पायरी पुढे असलेल्या मुलाला आपण स्वतः कुठे अडलो होतो हे ताजं आठवत असतं.

३) भूमिका बदलत ठेवा. वाचनात मागे असलेलं मूल गोष्ट सांगण्यात, कोडी घालण्यात, बोलीतले शब्द सांगण्यात पुढे असू शकतं. तेव्हा शिकवणारं तेच!

४) अर्थ, चर्चा आणि चुकांचं निदान हे काम शिक्षकाचंच. मुलं वाचत असताना आपण जोड्यांमधून फिरायचं, वह्यांचा गठ्ठा तपासत बसायचं नाही.

आणि पालकहो, 'आमच्या हुशार मुलाचा वेळ यात वाया जातो का?' ही तुमची शंका रास्त आहे. दुसऱ्याला समजावताना आपलंच पक्कं होतं, हा अनुभव तर आपल्या सगळ्यांचाच आहे. पण तेच मूल रोज शिकवतच राहिलं आणि त्याला नवं काही मिळालंच नाही, तर जरूर विचारा. बेल यांच्या पश्चात शाळा नेमक्या तिथेच चुकल्या.

तुमच्या वर्गात जोड्या कशा लावता, नक्की कळवा.