काळ्या पडद्यापुढचा जादूगार

एक माणूस स्वतःचे मस्तक खांद्यावरून उचलून टेबलावर ठेवतो. धडावर लगेच दुसरे उगवते. तेही तो काढून ठेवतो. अखेर टेबलांवरची तीन आणि खांद्यावरचे एक अशी चार मस्तके मिळून गाऊ लागतात. जेमतेम मिनिटभराचा हा मूकपट १८९८ सालचा. त्याचा दिग्दर्शक, नट आणि आजच्या भाषेत व्हीएफएक्स सुपरवायझर, सारे एकच : जॉर्ज मेलिएस.

पॅरिसमधील एका बूट-कारखानदाराच्या घरी १८६१ मध्ये जन्मलेल्या मेलिएसचे मन त्या धंद्यात रमले नाही. घरच्या व्यवसायातील आपला वाटा विकून त्याने १८८८ मध्ये जादूच्या प्रयोगांचे एक नाट्यगृह घेतले. डिसेंबर १८९५ मध्ये ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे पाहिली आणि या जादूगाराला नवे यंत्र सापडले. भर रस्त्यात चित्रण करताना कॅमेरा क्षणभर अडकला आणि पडद्यावर प्रवासी गाडीची शववाहिका झाली, ही कथा त्याचीच. जादूगाराने सांगितलेली असल्याने ती जपूनच ऐकावी.

मस्तकांची करामत मात्र अपघाती नव्हती. काळ्या पडद्यापुढे चित्रण केले की फिल्मचा तेवढा भाग कोरा राहतो. मग फिल्म कॅमेऱ्यातच मागे गुंडाळायची आणि त्या कोऱ्या जागेवर पुन्हा चित्रण करायचे. १९०० मधील एका पटात असे सात मेलिएस एकाच वेळी वाद्ये वाजवताना दिसतात. सातव्या खेपेस हालचाल चुकली की आधीच्या सहाही खेपा वाया! समोर मॉनिटर नव्हता. फिल्म धुऊन होईपर्यंत काय उमटले ते कळत नसे. अवघड भूमिका तो स्वतःच करी, यामागे बहुधा हेच कारण असावे. १९०१ मध्ये फुगत जाणारे डोके दाखवायचे होते, तेव्हा कॅमेरा जागचा हलला नाही. मेलिएसच उतारावरील गाडीत बसून त्याच्याकडे ओढला गेला.

१९०२ च्या चंद्रसफरीच्या पटाने कीर्ती दिली, पैसा मात्र अमेरिकेतील नक्कलकारांनी लुटला. पुढे प्रेक्षकांची आवड पालटली. मेलिएस नाट्यगृहाच्या चौकटीतच रमला, यात त्याचाही दोष होताच. १९११ नंतर तो पाथे कंपनीच्या कर्जात अडकला. महायुद्धात लष्कराने त्याच्या चारशेहून अधिक प्रती वितळवल्या. त्यातील सेल्युलॉइडच्या बुटांच्या टाचा झाल्या. १९२३ मध्ये स्टुडिओ गेला, तेव्हा उरलेल्या निगेटिव्ह त्याने स्वतःच्या हाताने जाळल्या.

पुढे तो माँपार्नास स्थानकात खेळणी विकत बसे. तेथे पत्रकारांनी त्याला ओळखले, १९२९ मध्ये पॅरिसमध्ये सत्कार झाला. १९३८ मध्ये त्याचे निधन झाले. पाचशेहून अधिक पटांपैकी सुमारे दोनशेच आज सापडले आहेत. चंद्रसफरीची हाताने रंगवलेली एक प्रत १९९३ मध्ये बार्सिलोनात मिळाली, तेव्हा तिचा गट्टा झाला होता. ती सोडवून, सांधून पुन्हा पडद्यावर यायला २०११ साल उजाडले.