चाळीसगावचा पूल आणि ग्रामपंचायतीचे विधेयक

पाणी, दिवाबत्ती, गटारी, रस्ते ही ग्रामपंचायतीची कामे शाळकरी पोरालाही पाठ असतात. ती कोणत्या वस्तीपर्यंत पोहोचतात, हे मात्र सत्ता कोणाकडे यावर ठरते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१९२९ साली मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीचे सदस्य म्हणून ते खान्देशात आले. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी हे समितीचे काम. धुळे लाइनवरच्या एका गावाने अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता. तिथली चौकशी करून ते चाळीसगावला परतले. महारवाड्यात न्यायला टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा आपल्यातलाच, सवय नसलेला. नदीच्या पुलाशी घोडा उधळला. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा-टांगा नदीत गेला. कोलंबिया आणि लंडनची पदवी घेतलेल्या बॅरिस्टरची ही गत, तर गावकुसाबाहेरच्या मजुराची काय असेल!

समितीच्या १९३० च्या अहवालात बहिष्काराची रीत नोंदलेली आहे. हक्क मागितला की कसायची जमीन काढून घ्यायची, मजुरी व बलुते बंद करायचे, वाट अडवायची, वाण्याने जिन्नस द्यायचे नाहीत. यातल्या कशालाही कायद्याची परवानगी लागत नव्हती. अशा गावाच्या हाती कायद्याने अधिकार दिला तर काय होईल?

हाच प्रश्न १९३२ च्या ऑक्टोबरात मुंबई विधिमंडळात उभा राहिला. पुणे कराराची शाई वाळायची होती आणि ग्रामपंचायत विधेयक चर्चेला आले. गावोगावी अस्पृश्य अल्पसंख्य असल्याने नुसत्या प्रौढ मताधिकाराने त्यांचा माणूस निवडून येणार नाही, म्हणून स्वतंत्र प्रतिनिधित्व हवे, असे बाबासाहेबांनी ठामपणे मांडले. जातीने बरबटलेल्या पंचांच्या हाती न्यायदान सोपवण्यासही त्यांनी विरोध केला. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना ते रुचले नाही. १९४८ साली संविधान सभेतही त्यांनी खेड्याबद्दलचे तेच परखड मत कायम ठेवले.

त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर ३७ वर्षांनी, १९९३ साली, ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली. अनुसूचित जाती-जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात जागा आणि सरपंचपदेही राखीव झाली. खुर्ची आपली आणि सूत्रे पाटलाच्या वाड्यावरून, हा खेळ अनेक गावांनी पाहिला आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. जळगाव-धुळ्याच्या आपल्या कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत तिचा हिशेब मागावा, आणि तो इतिवृत्तात लिहून घ्यावा.