कळवळ्याचे मूळ : पंडिता रमाबाई

मत्तयकृत शुभवर्तमानात लोकसमुदाय पाहून प्रभूला कळवळा आला असे आपण वाचतो. मूळ ग्रीक शब्दाचे नाते आतड्यांशी आहे. आतडे तुटणे हा आपला वाक्प्रचार त्याच्या अगदी निकट येतो. पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचताना मला हा शब्द वारंवार आठवतो.

त्यांचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे सहकुटुंब तीर्थयात्रा करीत पुराणे सांगत. दक्षिणेत दुष्काळ पडला, गाठीचे द्रव्य सरले, आणि या विद्वान घराला मोलमजुरी ठाऊक नव्हती. रानातला पाला खाऊन दिवस काढावे लागले. वडील गेले, थोड्याच काळाने आईही गेली. तिरडी उचलण्यास माणसे मिळेनात. अखेर दोघा ब्राह्मणांना दया आली. तिसरे बंधू श्रीनिवास, चौथ्या रमाबाई. उंची कमी, खांदा पुरेना. म्हणून त्यांनी आपला भार डोक्यावर घेतला. स्मशान काही मैल दूर होते.

पुढील वर्षे आपणांस परिचित आहेत : कलकत्त्यातील सन्मान, 1882 साली आलेले वैधव्य, 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा, 1889 साली मुंबईत उघडलेले शारदा सदन. मान्यता पावलेल्या माणसाला जुनी भूक विसरणे सोपे असते.

1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. हाती पैसा तुटपुंजा, तरी रमाबाई स्वतः तेथे गेल्या. छावण्यांतील निराधार मुलींची विटंबना त्यांनी पाहिली, आणि स्वतःचे ते दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. सुमारे 300 स्त्रिया व मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगची साथ होती. इतक्या जणींना तेथे ठेवता येईना. तेव्हा केडगावच्या शेतावर त्यांना आश्रय दिला. तेच मुक्ती सदन. तेथे नुसते अन्नछत्र नव्हते. विणकाम, शेती, छपाई अशी कामे मुलींना शिकविली जात. ज्या घराला हातांनी कमावता येत नव्हते त्या घरातील मुलीला हे सुचावे, यात मला नवल वाटत नाही.

उतारवयात त्यांनी इब्री व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचे भाषांतर हाती घेतले. संस्कृत पंडितेने जड शब्द टाळले. खेड्यातील अल्पशिक्षित बाईला कळावे, हा त्यांचा निकष होता. (भाषांतरकारांनो, हे किती कठीण!) 1921 साली कन्या मनोरमा निवर्तली. काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ 1924 साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला. त्याचे खिळे जुळविणारे हात तेथील मुलींचेच होते.