आजचं चिंतन : पाठीवरचं पोर



आज ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय, त्यातलं अहिंसेचं वर्णन. तिथे माऊली मांजरीचा दृष्टांत देतात. ती पिलाला दातांतच धरते, पण मायेमुळे इतकं अलगद की दात नुसते टेकतात. आजवर मी याचा 'कुणाला दुखवू नये' एवढाच अर्थ घेत आलो. काल रात्री वाचताना लक्षात आलं, अरे, मांजरीनं पिलू उचललंय! लांब उभी राहून नाही दाखवली तिनं माया.

आणि सावित्रीबाई फुले आठवल्या.

मी मूळचा नगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. नेवासा आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे माऊली घरच्या वाटतात. सावित्रीबाईंचा धागाही आमच्या गावाशी जुळतो, हे मात्र मला इंजिनीअरिंग संपल्यावर कळलं. सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन मिशनरी बाई १८३९ पासून नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवत होत्या. त्या शाळा पाहून जोतीरावांनी मुलींसाठी शाळा काढायचं मनावर घेतलं. पुढे सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं तेही नगरला, फरारबाईंकडे.

त्यांचं बाकी चरित्र आपण शाळेत शिकलोय. ३ जानेवारी १८३१ ला नायगावात जन्म, १८४० मध्ये लग्न, १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यातली शाळा. १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह. तिथेच जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि त्याला डॉक्टर केलं. १८९० मध्ये जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं धरून सावित्रीबाई स्वतः पुढे चालल्या.

आपण बहुतेकदा इथेच थांबतो. पण शेवटचे दिवस बघा.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही महिन्यांत पुण्यात पसरला. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये सापडला होता, पण तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे शोधून मांडलं गेलं १८९८ मध्ये. हाफकिन यांची लस नुकतीच तयार झाली होती आणि जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती मुंबईत स्वतःवर टोचून पाहिली. अँटिबायोटिक्स यायला अजून काही दशकं होती. लंडनमध्ये नाइटिंगेलबाईंनी परिचारिकांची शाळा काढली १८६० मध्ये. आपल्याकडे शिकलेल्या परिचारिका तेव्हा अगदी थोड्या. शुश्रूषा करणार कोण? ज्याला राहवणार नाही तो.

सावित्रीबाईंनी डॉ. यशवंतला बोलावून घेतलं. पुण्याबाहेर, हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः रुग्ण आणायच्या. एके दिवशी मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं. वय ६६. त्या गेल्या, पोराला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यापर्यंत चालत आल्या. पोर वाचलं. सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

कुठल्या परिचारिकांच्या यादीत त्यांचं नाव नसेल. प्रशिक्षण नव्हतं, पगार नव्हता. पण रुग्णसेवा करता करता त्याच रोगानं गेलेल्या बायकांमध्ये मी त्यांना धरतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. सावित्रीबाई सत्यशोधक होत्या. आपल्या पोथीचा आधार त्यांना लागला नाही, आणि मी त्यांना ओढून वारकरी करणार नाही. उलट आज पोथी समजायला मलाच त्यांचा आधार लागला.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझी आजी नगरला ॲडमिट होती. मी पुण्यात लॅपटॉपसमोर. घरच्या कुणालाच आत सोडत नव्हते. पीपीई किट घातलेल्या एका सिस्टरनी रोज संध्याकाळी फोन धरून आजीला आमचे चेहरे दाखवले, एका हातानं चमच्यानं पाणी पाजलं. आजी घरी आली. आम्ही पेढे वाटले, अभिषेक केला. त्या सिस्टरचं नाव मात्र कुणीच विचारलं नाही. मीही नाही. त्या लाटेत कितीतरी सिस्टर गेल्या. 'आपल्या' सिस्टर आहेत की नाहीत, हेही मला माहीत नाही.

लांब राहायचा नियम बरोबरच होता, त्याची खंत नाही. खंत आहे ती नाव न विचारल्याची. आम्हाला फक्त किट दिसलं, माणूस दिसलाच नाही.

म्हणून आजचा अभ्यास छोटासा. आपल्या आजारपणात कुणी सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय जवळ आले असतील, तर त्यांचं नाव आठवा. आठवत नसेल तर घरात विचारा. मिळालं तर एक फोन करा. मी या शनिवारी नगरला जातोय, विचारून बघतो.

राम कृष्ण हरी!