दोन देशांची मोला

ग्राफ मोठी की सेरेना, यावर आपण मेसमध्ये तासन्‌तास भांडू. पण मोला मॅलरी? बहुतेकांनी नावही ऐकलेलं नसतं.

१८८४ साली नॉर्वेत जन्मलेल्या मोला ब्युरस्टेडने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये देशासाठी ब्राँझ मिळवलं. मग ती न्यूयॉर्कला आली. पोटासाठी मालिशचं काम करायची. आणि १९१५ ते १९१८, सलग चार वर्षं अमेरिकेचं विजेतेपद या परदेशी बाईकडे! १९१९ मध्ये तिने फ्रँकलिन मॅलरीशी लग्न केलं. तेव्हाच्या कायद्याने नवऱ्यासोबत अमेरिकन नागरिकत्वही आलं. पुढची विजेतेपदं त्या नावावर.

१९२१ मध्ये तर साक्षात सुझान लेंग्लेन पहिला सेट हरून सामना अर्धवट सोडून गेली. (पुढच्या वर्षी विम्बल्डन फायनलला सुझानने ६-२, ६-० असं उट्टं काढलं, ते वेगळं.)

मोलाची सर्व्हिस काही खास नव्हती. बेसलाइनवरून फोरहँड हाणत राहायचं, बस्स. १९२६ च्या फायनलला वय ४२, समोर एलिझाबेथ रायन, तिसऱ्या सेटमध्ये ०-४ ने मागे. मॅच पॉइंटही वाचवला आणि सेट ९-७ ने घेतला! हे आठवं विजेतेपद. एकेरीतला तो आकडा ना एव्हर्टला गाठता आला, ना सेरेनाला.

१९५९ मध्ये मोला वारली, स्टॉकहोममध्येच.