सेंच्युरियनमधला माणूस

आमच्या उकव्याच्या खाणीतलं मँगनीज पोलादाला कणखर करतं. त्यामुळे रणगाडा म्हटलं की मला आधी लोखंडच दिसायचं. अर्देशीर तारापोर यांच्याबद्दल वाचलं आणि आतली माणसं दिसली.

१९२३ साली मुंबईत जन्म, शाळा पुण्यात, नोकरी आधी हैदराबाद संस्थानच्या फौजेत, मग पूना हॉर्समध्ये. ११ सप्टेंबर १९६५ ला फिलोरापाशी ते जखमी झाले, मागे जायला मात्र तयार नव्हते. पुढचे पाच दिवस त्याच जखमेनिशी त्यांनी रेजिमेंट चालवली. शत्रूचे किती रणगाडे फुटले, ते सगळेच मोजतात. ती जखम कोण मोजतं? १६ तारखेला बुतूर-डोगरांडीपाशी त्यांचा सेंच्युरियन पेटला. परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं. पारशी असूनही, त्यांच्याच इच्छेनुसार, अग्निसंस्कार रणांगणावर झाला.