राजा रवि वर्मा : चित्र एक, दगड अनेक

फोटोशॉपमध्ये आपण एका क्लिकवर चित्राचे रंग वेगळे करतो. राजा रवि वर्मांच्या छापखान्यात हे काम माणसाचा डोळा करायचा. १८४८ साली केरळमधल्या किळिमानूरला जन्मलेल्या या चित्रकाराने १८९४ मध्ये मुंबईत लिथोग्राफीचा छापखाना काढला. मशीन जर्मन, तंत्रज्ञही जर्मन. मूळ चित्र बघून प्रत्येक रंगाचा भाग वेगळ्या दगडावर काढायचा, मग एकाच कागदावर एकेक रंग छापत जायचं. कागद केसभर सरकला तरी लक्ष्मीचा चेहरा बिघडणार! ज्यांना देवळात प्रवेश नव्हता, त्यांच्याही घरी अशा छापील चित्रांतून देव पोचले. पण धंदा कर्जात बुडाला आणि शेवटी छापखाना श्लायशर या त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. १९०६ मध्ये रवि वर्मा गेले. त्यांची लक्ष्मी मात्र आजही भिंतीवर आहे.